एका दिवसाची कॅप

ज्या माणसाच्या प्रेमात पडायचं, तो पहिल्यांदा भेटताना आपल्या तोंडात थुंकी ओढणारी नळी नसावी, एवढी साधी अपेक्षा असते मुलीची. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं.

झालं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्यवृंदाच्या निवड-चाचणीत मला क्लॅरिनेट वाजवायची होती. जागा एकच, आणि तिच्यावर मी कित्येक वर्षं डोळा ठेवून होते. घरातल्या पॅसेजमध्ये आवाज छान घुमतो म्हणून तिथे सराव करत होते, तर दादाने बाथरूमचं दार धाडकन उघडलं. दार क्लॅरिनेटवर, क्लॅरिनेट दातावर... समोरचा अर्धा दात जमिनीवर!

मावशी दातांची डॉक्टर, म्हणून थेट तिच्या दवाखान्यात धावले.

"नेहमीची कॅप हवी तर आज माप घेते, तात्पुरती कॅप लावते. खरी दोन आठवड्यांनी," मावशी म्हणाली. "नाहीतर हे नवं मशीन. संध्याकाळी दात घेऊन घरी."

"तात्पुरत्या कॅपवर वाजवता येईल?"

"वाजवता वाजवता हातात येईल."

"मग मशीन. आत्ता!"

"थांब ठमे, आधी दाताचा रंग जुळवू दे—"

"रंग नंतर! आधी दात तासायला घे!"

हट्टाला पेटले की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मावशीने कपाळाला हात लावला, दात तासला, रंग मग जुळवला. मशीनने ठोकळ्यातून इवलीशी कॅप कोरून दिली आणि मावशीने ती माझ्या दातांशेजारी धरली.

तेवढ्यात तो आला. मावशीच्या नेहमीच्या कॅप हाताने बनवणारा कारागीर. कुणाची तरी कॅप पोचवायला आला होता. त्याने वाकून माझ्या तोंडात पाहिलं. शांत, तपकिरी डोळे... आणि मी आ वासून पडलेली.

"ही फार पांढरी दिसेल," तो म्हणाला. "तोंड उघडं राहिलं की दात वाळतात, पांढुरके होतात. रंग घेताना वाळले होते का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

नळी निघाल्यावर मी उठून बसले. "तुमच्या हातची कॅप जास्त चांगली असते का हो?"

"दिसायला, हो. थरावर थर देतो, त्यामुळे आतून उजेड खेळतो. पण तुमच्या जागी मी मशीनचीच घेईन. एकसंध आहे, वाद्याचा भार सोसेल. आणि उद्याला हाताशी असेल."

"स्वतःचंच गिऱ्हाईक घालवताय?"

"उद्या वाजवायचंय ना तुम्हाला?"

"तुमची घेतली असती तर... दोन आठवड्यांनी परत भेट झाली असती."

बधिर ओठांना लाज नसते. त्याचे कान मात्र लालबुंद झाले.

"झाली असती," तो हळूच म्हणाला. "पण तेवढ्यासाठी तुमची चाचणी बुडवू?"

मग त्याने मला खिडकीशी बसवलं. "पाणी प्या. दात ओले होऊ देत." दात ओले होईपर्यंत आम्ही बोलत राहिलो—मी जास्त, तो कमी. मधूनच तो "दात दाखवा" म्हणायचा आणि माझं हसू आवरायचं नाही. शेवटी कॅप घेऊन तो गेला, आपल्या भट्टीत रंग भाजून दिवेलागणीला परत आला, आणि मावशीने ती बसवली.

आरशात पाहिलं आणि आणखी जवळ वाकले. माझ्या शेजारच्या दातावर केसासारखी एक पुसट रेघ आहे. आईलाही ती ठाऊक नसेल. तशीच रेघ त्याने नव्या दातावर काढली होती. आजवर मला इतकं नीट कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जीव ओतून वाजवलं. दात जराही कुरकुरला नाही. परीक्षकांनी तिथेच माझं नाव पुकारलं. बाहेर पडले ती तडक त्याच्या कामाच्या खोलीवर.

मला पाहताच तो घाबरून उठला. "निघाली का कॅप? दुखतंय?"

"कॅप एकदम मजबूत आहे."

"मग...?"

दात दुखतो असं खोटं सांगायचं वाटेत ठरवलं होतं. पण त्याच्यासमोर ते जमेना. म्हटलं, आता माघार नाही.

"माझी निवड झाली. घरी अजून फोन केलेला नाही. आईला, मावशीला, कुणालाच नाही... आधी तुमच्याकडे आले."

हातातला ब्रश खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"मला तुम्ही आवडता," मी एका दमात म्हणून टाकलं. "तुमचं काम सावकाशीचं, माहीत आहे मला. घ्या दोन आठवडे. मी थांबेन."

त्याने ब्रश ठेवला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कान पुन्हा लालबुंद.

"तुझं उत्तर," तो म्हणाला, "आजच्या आज देतो."