बॅटरी नसलेली मिनीडोर

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी मात्र माझ्या डोळ्यांनी बघितलेलंच लिहितेय. एक शब्दही वाढवलेला नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मुरुडजवळ, नारळाच्या वाडीत आमचं घर. रात्र नव्हती...

नुकतीच दिवेलागण झाली होती.

माझा नवरा प्रज्योत मुरुड-रेवदंडा मिनीडोर रिक्षा चालवायचा. दिवाळीनंतर तो गेला. अंगणातल्या शेडमध्ये बॅटरी चार्जिंगला लावली होती. ती त्याच्या तोंडावर फुटली. चेहऱ्यावर अ‍ॅसिड, मानेत तुकडा. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

बॅटरी अल्पेशच्या दुकानातली. अल्पेश म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा; प्रज्योतला तो पज्या म्हणायचा. सीलबंद बॅटरी, पाणी घालायची कटकट नको, म्हणून त्यानेच दिली होती. नवीकोरी.

"चार्जर चालू ठेवून चिमटे काढले त्याने," अल्पेश सगळ्यांना सांगत होता. "बॅटरीतून गॅस निघतो. एक ठिणगी पुरते. किती वेळा बोललो होतो!"

मला ते पटत नव्हतं. प्रज्योत आधी बटण बंद करायचा, मगच चिमट्यांना हात लावायचा. गाडीतून बॅटरी काढताना काळी वायर आधी, लाल नंतर. चार्जिंग चालू असलं की शेडचं दार सताड उघडं. विडीवाल्याला तर जवळही फिरकू द्यायचा नाही.

पण अल्पेशने खांदा दिला होता. दिवसकार्यही त्यानेच निभावलं. संशय तरी कसा घेणार?

त्या संध्याकाळी तो मिनीडोर बघायला आला.

"वहिनी, उभ्या उभ्या गंजेल. मी गिऱ्हाईक बघतो."

मी शेडचं दार ढकललं. आत धुळीने माखलेली गाडी. बॅटरीची जागा रिकामी. दोन वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

अल्पेश पुढे झाला...

आणि हॉर्न वाजला.

दोनदा आखूड. एकदा लांब.

घराच्या वळणावर आला की प्रज्योत असाच वाजवायचा.

घरातून सासूबाईंचा आवाज आला, "क्रांती, आला गो तो. च्या ठेव."



"शॉर्ट असेल कुठेतरी," अल्पेश पुटपुटला.

"बॅटरीच नाही तिच्यात, भाऊजी."

तो दोन पावलं मागे सरला.

मग वास आला... सडक्या अंड्यासारखा. बॅटरी आतून उकळायला लागली की येतो ना, तो.

हेडलाइट पेटला. आधी मंद, पिवळा... मग भगभगीत. थेट अल्पेशच्या तोंडावर.

वायरी तशाच लोंबत होत्या.

अल्पेश माझ्याकडे बघतच नव्हता. तो ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होता.

"पज्या, ऐक माझं... जुन्या बॅटरीवर नवं लेबल मीच लावलं. व्हय, मीच! फुगली म्हणून तू फोन केलास, तवाच बदलून द्यायला हवी होती. मला वाटलं, काय न्हाय होत. मीच बोललो, लाव चार्जिंगला..."

"फुगलेली बॅटरी?" मी विचारलं. "तुम्ही त्याला चार्जिंगला लावायला सांगितलीत?"

त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"बंद कर रे! डोळं जळतात माझं!"

लाइट विझला. अल्पेश धडपडत पळाला. त्याची एक चप्पल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी चार माणसांसमोर सगळं सांगितलं. अल्पेश शांतपणे म्हणाला, "वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय."

मी सासूबाईंकडे वळले. "तुम्ही हॉर्न ऐकलात ना? चहा ठेव म्हणालात ना?"

त्यांनी एकदा भाच्याकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"मी काय न्हाय ऐकला."

प्रज्योत त्यांच्या पोटचा होता.

त्यानंतर मी माहेरी आले. शेडमध्ये काय चालतं, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात बाजारात अल्पेशच्या दुकानावरून जावं लागलं. तो खूप वाळलाय. डोळे लालभडक. मला बघितलं आणि मुकाट्याने दोन स्टुलं बाहेर मांडली.

"वहिनी, बसा."

मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हळूच म्हणाला, "पज्या... तूपण बस."

मी एकटीच होते.

झटकन वळून बघितलं. कुणी नाही. प्रज्योतच्या नावाने किती रडले मी, पण मला तो एकदाही दिसला नाही. आणि ज्याने घात केला, त्याला...

दुसरं स्टूल करकरलं. कुणीतरी टेकावं तसं.

मी बसले नाही. तशीच चालू लागले.

माझ्या मागून कुणीही आलं नाही.