सत्तावीस नंबरचा खिळा

"हा जपून ठेवा. हरवू नका," फाटकावरच्या पहारेकऱ्याने लाकडी बिल्ला तिच्या हातात दिला. सत्तावीस नंबर.

"बिल्ला हरवू नये, की मी?"

"दोन्ही. पण बिल्ला आम्हाला नवा करता येतो."

सोबतच्या मावशीने तिला कोपराने ढोसलं. ती हसली... आणि तोही, उगाच फळ्याकडे बघत. फळ्यावर चाळीस खिळे होते. बेटावरच्या त्या राखीव किनाऱ्यावर जाणाऱ्याने बिल्ला घ्यायचा आणि बाहेर पडताना आपल्या खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून आत. भरतीला तिवरांच्या झाडीतली फळ्यांची पायवाट पाण्याखाली जायची.

आत फिरवताना त्याने एक खेकडा दाखवला. एक नांगी भलीमोठी, दुसरी नावाला.

"हा नर. नांगी हलवून मादीला बोलावतोय."

"मग ती येते?"

"बहुतेक वेळा... आपल्याच बिळात पळून जाते."

"शहाणी आहे!"

तो पुढच्या घोळक्याकडे वळला, तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. "अगं चल, सुटेल ती!" मावशीने तिचा हात धरला आणि दोघी धावत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शिवणाच्या दुकानात ती एका बाईंचं माप घेत होती. खडूसाठी पर्समध्ये हात घातला, तर हाताला लाकूड लागलं. सत्तावीस नंबर!

"आलेच हं!" बाईंना तसंच हात वर करून उभं ठेवून ती समोरच्या धक्क्याकडे पळाली आणि बेटावर जाणारी लाँच पकडली.

फाटकावर म्हातारे पहारेकरी काका होते. त्यांनी बिल्ला बघितला, तिला बघितलं आणि मटकन स्टुलावर बसले.

"तू सत्तावीस? मग तो कुणाला शोधतोय?"

"कोण?"

"कोण काय! काल संध्याकाळपासून चिखलात आहे. लाँचवाल्याला विचारलं, तो म्हणे गर्दीत कोण बघतं. आता पुन्हा भरती चढतेय, चल म्हटलं तर ऐकेना. खिळा रिकामा आहे म्हणतो..."

"बोलवा ना त्यांना!"

"माणूस सापडलं की घंटा वाजवतो आम्ही."

"मी सापडले की, काका!"

तिने स्वतःच दोरी ओढली. तीनदा. पुन्हा तीनदा. पाण्याने पायवाटेची एक फळी गिळली, मग दुसरी. तिसरी बुडताना झाडीतून तो आला... छातीपर्यंत चिखल, अनवाणी. तिला बघून पाण्यातच थिजला.

"तुम्ही... कुठे होतात?" त्याचा आवाज पार बसला होता.

"घरी. जेवले, झोपले... मला ठाऊकच नव्हतं हो."

तो फळीवर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं. तिला वाटलं, हसतोय. तो हसत नव्हता.

ती शेजारी बसली, चिखलातच. "रागवा ना."

"घसा नाही." मग हाताचा चिखल पुसत, "सापडलात की आधी झापायचं ठरवलं होतं. आणि मग... विचारायचं."

"काय?"

"तुम्हीही बिळात पळून जाणार का, ते."

एका दिवसाची ओळख, आणि हा माणूस...

"गळ्यात टेप कशाला?" त्याने विचारलं.

"अगं बाई! गिऱ्हाईक हात वर करून उभं असेल अजून."

ती उठली. टेप काढून तिने सत्तावीस नंबरच्या खिळ्याला अडकवला आणि बिल्ला पुन्हा पर्समध्ये टाकला.

"बिल्ला?" काका ओरडले.

"न्यायला या म्हणावं त्यांना. धक्क्यासमोरच दुकान आहे. येताना टेप आणा, तोवर माझं काम बंद."

"हे नियमात बसत नाही!"

"खिळा रिकामा नाही ना, काका?" तो पाय धूत म्हणाला. "मग झालं तर."

दुपारच्या लाँचने तो आला. अनवाणीच. चपला चिखलात गेल्या होत्या.