आज बोट जाणार नाही

उतिलाच्या धक्क्यावर पाऊल टाकलं आणि ओल्या फळीवरून घसरलेच! पडणार, तेवढ्यात कुणीतरी दंड धरला.

“जपून. आज बोट जाणार नाही.”

मी वर पाहिलं. रापलेला चेहरा, भुवयांवर वाळलेलं मीठ... मी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ला सेइबा शहरातून या बेटावर स्कूबाची गाइड म्हणून आले होते, आणि हा आमच्या बोटीचा कप्तान, एल्डन.

“समुद्र तर कसा निपचित पडलाय!”

“दुपारी उत्तरेचा वारा सुटेल. माणसं पाण्याखाली असताना सुटला, तर वर आल्यावर त्यांना बोट दिसत नाही, बोटीला ती दिसत नाहीत.”

“इतके घाबरट कप्तान असतात का हो?”

“असतात. तेच म्हातारे होतात.” तो हसला आणि घडी घातलेली, राजमा भरलेली पोळी पुढे केली. “बालेआदा खाणार? गरम आहे.”

त्या दिवशी वारा आलाच नाही. मग काय, रोज सकाळी मी विचारायची, “कप्तान, आज झुळूक तरी?” तो ओठ दाबून हसायचा आणि माझा सिलिंडर माझ्याआधी उचलायचा. माझ्या हाताला हात लागला की दोघंही उगाचच दोर आवरायला लागायचो...

डिसेंबरात एकदा तो पुन्हा ‘नाही’ म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ रेनेल वैतागला. “दादा, तुझ्या वाऱ्याची वाट बघत बसलो तर उपाशी मरू!” आणि दोन पाहुण्यांना घेऊन दुसऱ्याच्या बोटीवर गेला.

दुपारी वारा सुटला. ती बोट कशीबशी परतली – पाण्याखाली असलेल्या त्या तिघांना मागे टाकून.

सगळे एल्डनभोवती जमले. “तुझी बोट मोठी आहे. काढ!”

खडकांमधल्या वाटेवर लाटा भिंतीसारख्या फुटत होत्या. तो बराच वेळ बघत राहिला.

“नाही. वारा पडेपर्यंत कुणीही जायचं नाही.”

“अरे, भाऊ आहे तुझा!” त्याची आई किंचाळली.

“म्हणून बोटीवरच्या पाच जणांना बुडवू, आई?”

तिनं त्याच्या तोंडात मारली. तो हलला नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

पहाटे वारा पडला, तशी आम्ही बोट काढली. दोघे पाहुणे सापडले, एकमेकांना बांधलेले, जिवंत. रेनेलनंच बांधलं होतं. स्वतःचा तरंगता फुगाही त्यांनाच दिला होता. त्याचा देह संध्याकाळी खडकावर सापडला.

“अंधार पडेपर्यंत तो आमच्याशी बोलत होता,” त्या दोघांतली बाई रडत म्हणाली.

एल्डननं ते ऐकलं.

“म्हणजे मी गेलो असतो तर...” तो मला म्हणाला. “खरं सांग, नोएलिया.”

“तर कदाचित वाचला असता,” मी म्हणाले. “कदाचित तूही बुडाला असतास. मला नाही माहीत रे.”

पहिल्यांदाच मी त्याला ‘तू’ म्हटलं होतं.

रेनेलच्या दफनाच्या दिवशी एल्डनजवळ कुणी उभं राहीना. आई नातेवाइकांत, तो एकटा, कुंपणापाशी. मी गर्दीतून निघाले, त्याच्याकडे गेले आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

“लोक बघतायत,” तो पुटपुटला.

“बघू देत. माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

आईनं आमच्याकडे पाहिलं... आणि तोंड फिरवलं. एल्डननं मान वर केली नाही. फक्त त्याची बोटं माझ्या बोटांत रुतत गेली – दुखेपर्यंत. मी हात सोडवला नाही.