खत आणि खंत

सन दोन हजार एकावन्न. घासाचं आणि घशाचं एवढं कसलं वैर, हे कोडं आठ वर्षांच्या शाल्मलीला काही केल्या सुटत नव्हतं. घरच्यांनी मात्र ते केव्हाच सोडवलं होतं: पोरगी नाटकी आहे! पोळीचा घास अडकला की ती घटाघटा पाणी प्यायची आणि तासभर ताटावर बसून राहायची. आई बिचारी समजावून दमली, मग रागावू लागली. पण 'नाटकी' हा शब्द शाल्मलीला घासापेक्षा जास्त रुतायचा.

शेवटी तिने कालिंदीआत्याला चिठ्ठी लिहिली. आत्या पेशींवर संशोधन करायची. चिठ्ठीत होतं, 'सगळे मला नाटकी म्हणतात. मला फार खत वाटते.'

आत्याला आधी हसूच फुटलं. कुठलं खत, शेणखत की गांडूळखत? मग राहिलेलं टिंब ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी ती हजर झाली, दोऱ्याला बांधलेली एक इवलीशी गोळी घेऊन. शाल्मलीने भीतभीत ती पाण्याबरोबर गिळली. पोटात गोळी विरघळली, आतला मऊ स्पंज फुलला. आत्याने दोरा हलकेच ओढला, तेव्हा अन्ननलिकेच्या (घशापासून पोटापर्यंतच्या नळीच्या) थोड्या पेशी स्पंजाला चिकटून आल्या.

सोबत आणलेलं छोटं यंत्र त्या पेशी वाचेपर्यंत आत्याने चिठ्ठी पुढ्यात ठेवली. अक्षरं तीच, पण एका टिंबाने 'खत'चं 'खंत' होतं, ती म्हणाली. पेशीतही डीएनए (शरीर कसं चालवायचं, ते लिहिलेली पोथी) असतो. अक्षरं तीच राहतात, पण त्यांवर बारीक रासायनिक टिंबं बसतात, नाहीतर निघून जातात. कुठला मजकूर वाचायचा नि कुठला गाळायचा, ते त्यांवर ठरतं. या झाल्या अधिजनुकीय खुणा (जनुकांवरच्या खुणा). अन्ननलिका सुजली की त्यांची ठेवण बदलते.

यंत्र वाजलं. आत्याने पडदा नीट पाहिला; खुणांची ठेवण बदललेली होती. इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) नळीत गर्दी करून बसले होते, खाण्यातल्या कशाला तरी शत्रू समजून. औषध होतं, आणि कुठला पदार्थ टाळायचा तेही शोधता येणार होतं.

शाल्मलीने एवढंच विचारलं, "म्हणजे मी नाटकी नाही?"

"नाहीस गं. तुझा घास खरंच अडकत होता."

आईला हुंदका आवरेना. तिने लेकीला कुशीत ओढलं. "चुकलं माझं, बाळा."

तीन महिन्यांनी आत्याला लिहायला शाल्मली पुन्हा बसली. 'आज मी अख्खी पोळी खाल्ली. आमच्या वर्गातल्या मिहिकाचाही घास अडकतो. तिच्यासाठी गोळी घेऊन ये. मला फार आनद झाला.'

कागदाची घडी घालता घालता ती थबकली. पेन्सिल उचलून तिने 'न'च्या डोक्यावर एक ठसठशीत टिंब दिलं.