बटण सोडलं की तीन मोजायचे

जरा डोळे मिटा. नाही नाही, मग वाचणार कसे? उघडेच ठेवा, पण माझ्याबरोबर कल्पना करा.

तुम्ही दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आहात. वर निघालेली लिफ्ट गचका देऊन थांबते. दिवा जातो. दार बोटभर उघडून अडकतं आणि फटीतून दिसते नुसती भिंत. अगदी वर वीतभर उजेड, ती तिसऱ्या मजल्याची कड. मोबाईलला रेंज नाही. तुमचा हात घट्ट धरून नऊ वर्षांची एक मुलगी विचारते आहे, "मावशी, आपण इथेच राहायचं का आता?"

तुम्ही काय कराल? ओरडाल? दार बडवाल?

आपल्या गोष्टीतल्या मावशीनं यातलं काहीच केलं नाही. तिनं पिशवीतून हातात मावेल एवढा रेडिओ काढला, त्याची दांडी फटीशी धरली, बटण दाबलं आणि शांतपणे निरोप दिला. मग बटण सोडलं आणि मनात तीन मोजले. गच्चीवरच्या खोलीतून कुणीतरी तो निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवला आणि मग उत्तर आलं, "निरोप मिळाला ताई. कळवतो."

ही मावशी दवाखान्यात मुलांचे कान तपासायची. मुलाच्या कानावर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि आवाज आला की मुलानं बोट वर करायचं. म्हणून सगळे तिला कानवाल्या ताई म्हणत. गच्चीवरची ती खोली गावातल्या हौशी रेडिओ क्लबची, आणि रविवारी तिथल्या मुख्य सेटवर तीच बसे. तिच्या बहिणीची मुलगी मुंगी जिथे मावशी तिथे हजर.

वीस मिनिटांनी वरच्या फटीत बुटांची जोडी दिसली. मागोमाग आवाज आला आणि तो काही थांबेना.

"आत कोण आहे? घाबरू नका हं, लिफ्ट पडत नसते. चार दोर असतात, एक तुटला तरी तीन उरतात, दोन तुटले तरी दोन, समजा तीन तुटले—"

"तुम्ही आम्हाला धीर देताय की दोर मोजताय?" मावशी म्हणाली.

वरून हसू ऐकू आलं. "बोलणारी माणसं अडकली की बरं वाटतं हो! पण एक सांगा, हा निरोप कुणी दिला? मजल्यांच्या मध्ये, दार बोटभर उघडं, दोन जणी, इजा नाही... अकरा वर्षं हे काम करतोय. लोक नुसतं 'वाचवा, वाचवा' म्हणतात. पत्ता आम्हीच शोधायचा."

लिफ्ट इंच इंच वर सरकली. दार उघडलं. त्यानं आधी मुंगीला बाहेर घेतलं, मग मावशीपुढे हात धरला. मावशीच्या मनगटावर त्याच्या हाताचं काळं ग्रीस उमटलं. तो खिशात फडकं शोधायला लागला. सगळे खिसे झाले, फडकं सापडेना... आणि मावशीला उगाचच हसू यायला लागलं.

"थँक्यू लिफ्टकाका," मुंगी म्हणाली.

"काका नको गं म्हणूस! म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

पुढच्या रविवारी सकाळी तो गच्चीवर हजर.

"अँटेना बघायला आलो," तो म्हणाला.

"अँटेना बाहेर आहे. तुम्ही खोलीत बघताय."

क्लब तसा लहानच. निवृत्त पोस्टमनकाका, बेकरीवाला, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आणि मावशी. पण दर रविवारी त्यांचं काम एखाद्या मोठ्या कचेरीसारखं चाले. बॅटऱ्या भरलेल्या आहेत ना, अँटेनाच्या खांबाला ताणून धरणाऱ्या तारा ढिल्या झाल्या नाहीत ना, वीज गेली तर किती तास बोलता येईल, सगळं तपासायचं. मग एकमेकांना निरोप पाठवायचे. निरोप खोटा असेल तर सुरुवातीलाच म्हणायचं, 'सराव'. खरा असेल तर म्हणायचं, 'हा सराव नाही'. ऐकणाऱ्यानं निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, आणि मगच उत्तर द्यायचं. आणि बोलून झालं की बटण सोडून तीन मोजायचे.

"परवाना नाही तोवर सेटला हात लावायचा नाही," मावशीनं त्याला बजावलं. "नुसतं ऐकायचं."

"नुसतं ऐकायचं? मी? माझ्या आईला कळलं तर ती तुमचे आभार मानायला चालत येईल."

पण पठ्ठ्या बसला. तीन महिने पुस्तक घेऊन जिन्यात अभ्यास केला. मुंगी प्रश्न विचारी आणि चुकलं की टपली मारी. परीक्षा पास झाला, तेव्हा आधी मुंगीला सांगायला आला. मुंगी म्हणाली, "मला माहीतच होतं." आणि मावशीनं खिडकीकडे तोंड वळवलं, कारण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा जास्तच दिसत होता.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला, "इथे सगळे तुम्हाला ताई म्हणतात. मी नाही म्हणणार."

"का बरं?"

"कारण आहे."

"काय कारण?"

"सराव हो, सराव! लगेच डोळे कशाला मोठे करता?"

हे त्याचं नेहमीचं झालं. 'सराव. आज निळा रंग छान दिसतोय.' 'सराव. चहा घेणार का?' मावशी रागवायची, पण चहा घ्यायची.

एक गोष्ट मात्र त्याला काही केल्या जमेना. ते तीन मोजणं. एक निरोप संपला की बटण न सोडताच दुसरा सुरू.

"तीन सेकंद फुकट का घालवायचे?" तो विचारी. "तेवढ्यात माणूस किती काय बोलू शकतो!"

"आणि तेवढ्यात कुणीतरी मदत मागू शकतं," मावशी म्हणे. "ती जागा त्याची आहे. बटण दाबलेला माणूस बहिरा असतो. त्याला दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही."

"बरं बाई, मोजतो." आणि पुढच्याच वेळी विसरायचा.

अशात मोठ्या डॉक्टरांनी मावशीला बोलावून घेतलं. दवाखान्यातल्या मोडक्या खाटा ठेवायला जागा नव्हती. "गच्चीवरची खोली मला हवी आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तुमची ही खेळणी कुणाला लागणार? येत्या रविवारी मोठा सराव करा. मी स्वतः येऊन बसतो. पटलं तर खोली तुमची, नाही तर खाटांची."

त्या खोलीतल्या भिंतीवरचा एकेक खिळा मावशीनं स्वतः ठोकला होता. गावात एवढी उंच दुसरी जागा नव्हती. खोली गेली की अँटेना जाणार, आणि अँटेना गेली की क्लब संपलाच म्हणायचा.

रविवारी सराव सुरू झाला. नदीला पूर आलाय आणि फोन बंद पडलेत असं समजायचं होतं. विज्ञानाच्या बाई शाळेत, बेकरीवाला पुलावर. पोस्टमनकाका मोटरसायकलवरून पलीकडच्या वाडीला निघाले. लिफ्टवाला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर, कारण उंचीची सवय त्यालाच. मोठे डॉक्टर मनगटावरचं घड्याळ काढून, समोर ठेवून टेबलाशी बसले. मावशी मुख्य सेटवर, रेडिओवर तिचं नाव 'कंट्रोल' आणि बाकीच्यांची नावं त्यांच्या जागांची; आणि हेडफोन घालून नोंदवही सांभाळायला मुंगी.

पहिला अर्धा तास सगळं झकास झालं. मग टाकीवरून लिफ्टवाल्याचा आवाज आला, उत्साहानं नुसता उतू चाललेला. "सराव. पुलाचा कठडा पाण्याखाली. सराव. शाळेत चाळीस माणसं, पांघरुणं हवीत. सराव. आणखी एक—"

मध्ये श्वासाएवढीही जागा नाही. मावशीनं ओठ चावला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात मुंगीनं बोट वर केलं.

कान तपासताना मुलं करतात ना, अगदी तसं. सरळ, वर.

"मावशी, त्याच्या बोलण्याखाली कुणीतरी आहे."

"खरखर असेल, बाळ," डॉक्टर म्हणाले.

पण मावशीनं आजवर शेकडो मुलांची अशी बोटं पाहिली होती. वर झालेल्या बोटावर विश्वास ठेवणं, हेच तर तिचं काम. मात्र लिफ्टवाला बटण सोडत नव्हता, आणि तोवर तिची हाक त्याला पोचणार नव्हती. ती बटणावर बोट ठेवून वाट पाहत राहिली... अखेर त्यानं श्वास घ्यायला बटण सोडलं.

"सगळ्यांनी थांबा! कुणीही बटण दाबायचं नाही. टाकी, तू ऐक. आम्हाला नुसती खरखर येतेय. तू उंचावर आहेस, तुला शब्द येतील."

सेट गप्प झाला. मुंगीचं बोट अजून वरच होतं.

मग लिफ्टवाल्याचा आवाज आला. हा आवाज वेगळाच होता, हळू आणि स्वच्छ.

"कंट्रोल, मी टाकी. हा सराव नाही."

एक, दोन, तीन.

"पोस्टमनकाकांचा निरोप आहे. वाडीचा रस्ता, खोलगट भागातलं दुसरं वळण. मोबाईलला रेंज नाही."

एक, दोन, तीन.

"दुधाचा टेम्पो उलटलाय. ड्रायव्हरचा पाय अडकलाय. शुद्धीवर आहे, रक्त जातंय. अ‍ॅम्ब्युलन्स हवी आणि पत्रा कापायचं सामान हवं."

मावशीनं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवला. तिचं शेवटचं वाक्य संपायच्या आत डॉक्टर जिन्यावरून ओरडत खाली धावले होते.

दुपारी ते पुन्हा वर आले ते धापा टाकतच. "वाचला. पायही वाचला. अजून उशीर झाला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "त्या खाटा ठेवू कुठेतरी जिन्याखाली." दारापर्यंत गेले आणि वळले. "मुली, तुझा कान माझ्या यंत्रांपेक्षा तिखट आहे. आणि ताई, ते परवान्याचं पुस्तक कुठे मिळतं?"

मुंगी एवढी ताठ बसली की खुर्चीत दोन बोटं उंच झाली. मावशीचंही तेच झालं होतं, फक्त ती मोठी असल्यामुळे दिसत नव्हतं.

लिफ्टवाला दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. टाकीच्या गंजानं शर्ट माखलेला.

"आज बोलणं संपलं वाटतं?" मावशीनं विचारलं.

"काकांनी आधी दोनदा हाक मारली होती. मी... मी बोलत होतो."

"हो. जवळजवळ मिनिट गेलं," मावशी म्हणाली. "काही बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर जो निरोप दिलास, त्यात एक शब्द जास्त नव्हता की एक कमी नव्हता. किती वर्षं मी या सेटवर बसतेय, इतका चांगला निरोप मी घेतला नव्हता. अभिमान वाटला मला."

त्यानं मान वर केली. "तू मला 'तू' म्हणालीस. टाकीवर असताना. आणि आताही."

"ते... घाईत निघालं."

"मग घाईतच राहा ना."

मावशी टेबलावरचे कागद सारखे करायला लागली. ते आधीच सारखे होते. लिफ्टवाला दोन पावलं पुढे आला. खिशात काहीतरी शोधलं, या वेळी फडकं सापडलं, आणि त्यानं हात स्वच्छ पुसले.

"कंट्रोल," तो म्हणाला. "हा सराव नाही."

मावशीचे कागद थांबले.

"मला जन्मभर तुझ्याबरोबर राहायचंय. लिफ्ट चालू असो नाही तर बंद."

आणि बोलणाऱ्यांचा राजा असलेला तो माणूस चक्क गप्प झाला. पुढे एक शब्द नाही. नुसता उभा राहिला, समोरच्याची जागा मोकळी ठेवून.

एक... बाहेर अँटेनाच्या तारेवर वारा गुणगुणत होता.

दोन...

तीन.

"चार," मुंगी कुजबुजली. "मावशी, चार झाले!"

"थांब गं. आधी निरोप परत म्हणायचा असतो." नियम म्हणजे नियम. "'मला जन्मभर... तुझ्याबरोबर राहायचंय. लिफ्ट चालू असो... नाही तर बंद.' बरोबर?"

"बरोबर."

"निरोप मिळाला." तिनं वर पाहिलं, आणि या वेळी खिडकीकडे तोंड वळवलं नाही. "उत्तर, हो."

"आता तरी काका म्हणू का?" मुंगीनं विचारलं.

"म्हण," लिफ्टवाला म्हणाला. "कितीही वेळा म्हण."

मुंगीनं घड्याळ पाहून वहीत वेळ टाकली. पुढे लिहिलं, 'टाकीकडून कंट्रोलला. निरोप खरा. पोचला.' मग तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि हेडफोन कानांवर चढवला, कारण दुसऱ्यांचं खासगी बोलणं ऐकायचं नाही, हाही क्लबचा नियमच होता. फक्त डावा कान तिनं हळूच बाहेर काढून ठेवला.