एक चादर मागे

इस्पितळाच्या चादरी धुणारं ते धुलाईघर. वाफ एवढी की भिंतींनाही घाम फुटावा. इस्त्रीवर भावजी, घड्यांच्या टेबलावर त्यांची धाकटी मेहुणी. दोघांच्या मधली जागा ताईची, म्हणजे धाकटीच्या थोरल्या बहिणीची, भावजींच्या बायकोची. गेल्या वर्षी तिथेच उभ्या उभ्या ताईचं काळीज थांबलं. मग मालकाने भिंतीवर शॉक द्यायची पेटी टांगली. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

त्या दुपारी भावजी म्हणाले, "तुझ्या घड्या बघून ताई खाली उतरेल हो."

"उतरू दे. तुमचाही कान धरेल."

भावजी हसले... आणि हसता हसताच कोसळले. श्वास नाही, काही नाही. मालक रुग्णवाहिकेला फोन करायला धावला. धाकटीने पेटी उघडली, तशी आत आवाज भरलेली बाई कोरडेपणाने सांगू लागली, "पट्ट्या उघड्या छातीवर चिकटवा."

सदरा फाडून तिने चिकटवल्या. निसटल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा निसटल्या. पाण्यात जन्म गेलेले हात ते, ओलं-कोरडं त्यांना कळतच नव्हतं.

"पट्ट्या चिकटवा... पट्ट्या चिकटवा..."

मग पेटी गप्प झाली. आणि हळूच, अगदी कानाशी...

"ओलं आहे गं, वेडे. आधी पूस."

जन्मापासून ऐकलेला आवाज!

"पुसते, ताई..."

सुक्या चादरीने तिने घामेजलेली छाती पुसली. पट्ट्या घट्ट बसल्या. "दूर व्हा," पेटीतली बाई म्हणाली. भावजींचं अंग उडालं. मग धाकटी छाती दाबत राहिली, दाबत राहिली...

पुन्हा कानाशी तोच आवाज, "आज नेत नाही गं त्यांना. ही चादरींची थप्पी संपू दे... मग बघू."

भावजी कण्हले.

पुढे पेटी तपासायला माणूस आला. धाकटीने त्या आवाजाबद्दल विचारलं, तर म्हणाला, "मावशी, हिच्यात मोजकी वाक्यं भरलेली असतात. 'पूस' म्हणणारं एकही नाही."

भावजी बरे होऊन कामावर आले. तेव्हापासून धाकटी रोज थप्पीतली एक चादर घडी न घालता मागे ठेवते. भावजी चिडवतात, "कामचुकार कुठली!" ती हसून चादर बाजूला सारते.

काल सकाळी कुलूप तिनेच काढलं. मागे ठेवलेली चादर टेबलावर होती, घडी घातलेली. कोपरे आत दुमडून, ताई घालायची तशी.

धाकटीने ती घडी झटकन मोडली. "थांब की गं जरा, ताई..."

इस्त्री गार होती. चादर मात्र अजून गरम.