सारवलेला डबा

खुशबूचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मांडवाला तट्टे कमी पडले, म्हणून तिच्या बापाने, भैय्यालालने, कोणाला न विचारता धानाची ढोली मोडली. बांबूच्या तट्ट्याची ती ढोली कुंताबाई आसगावात नवरी म्हणून आली तेव्हापासून परसात उभी होती. लग्न पार पडलं, पाहुणे गेले, लवकर येणारं हलकं धान कापून झालं, आणि धान भरायला जागा नाही.

मग भैय्यालाल वरठीला गेला आणि भंगारवाल्याकडून लोखंडी डबा घेऊन आला. जहाजावर माल लादतात तसला, खोलीएवढा, निळा, एका कुशीला चेपलेला. बंदरात जहाज कललं तेव्हा हा पाण्यात पडला होता, म्हणे. बाहेर काढला, विकला, आणि फिरत फिरत इथवर आला.

"लोकाईले म्हातारपणी अक्कल येते," कुंताबाई म्हणाली. "आमच्या घरी डबा आला."

"अवो, उंदीर शिरन का यात?" भैय्यालाल म्हणाला. "नातवंडाईच्या लग्नापर्यंत टिकते हे."

"ढोलीले कोन्ता रोग झाला होता?"

भैय्यालालने विडी पेटवली.

त्यांचा लेक कुलदीप असल्याच डब्यांच्या कामावर होता, दूर समुद्राकाठी, बंदरात. रिकामे डबे आतून झाडायचे, धुवायचे, पुढच्या मालासाठी तयार ठेवायचे. कुंताबाईचा त्या कामावर मनापासून राग होता. लग्नात तिने त्याचा हात धरून वचन घेतलं होतं की नवं धान घरात आलं की काम सोडायचं. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी तो कायमचा परत येणार होता. तिचा जीव त्या एका दिवसाला टांगलेला होता. बाकी साऱ्या जगाचा तिला वैतागच होता.

लोखंडाला कोणी सारवत नाही. पण न सारवलेल्या जागेत धान भरायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. तिने शेण-माती कालवली आणि डबा आतून सारवला, तळापासून हात पोचेल तिथवर. वरच्या कडेला हवेची बारीक भोकं होती, ती बाहेरून मातीने बुजवली. ढोली अशीच बुजवतात.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बुजवलेली माती भोकांतून निसटून बाहेर अंगणात पडलेली. आत तळाचं सारवण ओलं, आणि भिंतीवर ओल्या सारवणात एक हात उमटलेला.

"कायले हात लावला तुमी? वाळू तरी द्या!"

"मी कायले लावू? मी बैलाईपाशी होतो."

तिने त्या ठशावर पुन्हा शेणकाला फिरवला. नीट पाहिलंही नाही. रागात कोण पाहतो?

हलक्या धानाची पोती आत रचली. दोन दिवसांत खालचा थर भिजला. पाऊस नव्हता, कार्तिकातलं कडक ऊन होतं. भैय्यालालने छपरावर डांबर ओतलं, तरी पाणी आलंच. गुडघाभर यायचं आणि आपोआप ओसरायचं. दिवसातून दोनदा, आणि रोज कालच्यापेक्षा थोडं उशिरा. धानाच्या बांध्यांत पाणी कसं चढतं-उतरतं ते कुंताबाईला जन्मभर ठाऊक होतं, पण असं घड्याळासारखं पाणी तिने पाहिलं नव्हतं. भिजलेलं धान तिने दाताखाली फोडलं. खारट लागलं. गोऱ्हा तर दावं तोडून डब्याच्या पत्र्याला चाटायला धावायचा.

भिंतीवरचा हात रोज उमटायचा. ती रोज पुसायची आणि नवऱ्याला बोलायची. हात मात्र थोडा थोडा वर सरकत होता. भैय्यालाल बुटका माणूस, त्याचा हात तिथवर पोचत नाही, हे एका दुपारी तिच्या लक्षात आलं.

तिने कुलदीपला फोन लावला. ऐकून तो आधी हसला.

"माय, हे भरती-ओहोटी होय. समुद्राचं पानी असंच येते, रोज थोडं उशिरा."

"समुद्र काय आसगावात आला का बाबू? तुझ्या बापानं भंगार आनलं, ते गळून राहिलं."

फोनमध्ये मागे बंदराचे भोंगे वाजत होते.

"माय, त्या डब्याचं दार लावत नको जाऊ."

"काहून?"

"उघडंच ठेव. आम्ही इथं आत असलो का दार कोनाले लावू देत नाही."

"अन् धान गोऱ्हा खाईन तं? लोखंडाले भेते मोठा! चार दिवसांत येऊन राहिला, तूच पाह्य मंग."

तिने फोन ठेवला. हा मुलगा बापावर गेला होता, बोलायचं एक आणि करायचं दुसरं.

मंडईच्या आदल्या दिवशी गावात पाळणे लागले, दुकानं मांडली गेली. कुंताबाईने लेकासाठी अनारशांचं पीठ काढलं. दुपारी गोऱ्हा पुन्हा सुटला आणि थेट वाळायला उघड्या ठेवलेल्या डब्यात शिरला. तिने शिव्या देत त्याला बाहेर हाकललं, दोन्ही दारं ओढली आणि दांडी पाडून कुलूप घातलं.

ती चुलीपाशी पोचली तोच आतून ठोकल्याचा आवाज आला.

"अजी!" ती ओरडली. "आत कायले बसले?"

"मी इथं आहो," भैय्यालाल तिच्या मागून म्हणाला. तो ओसरीवर विडी वळत होता.

ठोकणं थांबेना. लोखंडावर उघड्या हाताने मारावं तसं. आधी खाली, मग मधे. मग वर.

भोकांतून पाणी बाहेर आलं, पातळ धारांनी. ओसरीपर्यंत मिठाचा वास पसरला.

किल्ली तिच्या पदराच्या गाठीला होती. गाठ सुटेना. भैय्यालालने दातांनी सोडली.

आवाज आता छपराला होता.

मग थांबला.

कुलूप निघालं. दार उघडलं. पाण्याचा लोंढा येईल म्हणून दोघं बाजूला सरले, पण आलं काहीच नाही. आत कोणी नव्हतं. पोती छपरापर्यंत भिजून काळी झाली होती.

कुंताबाईने वर पाहिलं. छपराला तिने कधी सारवलं नव्हतं, तिचा हात तिथे पोचत नव्हता. तरी छप्पर सारवलेलं होतं, आणि त्या ओल्या सारवणात हातच हात उमटलेले होते, एकावर एक.

सारे उजवे. साऱ्यांचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं.

कुलदीप लहान असताना कडबा कापायच्या यंत्रात त्याचं ते बोट गेलं होतं. रक्त थांबवायला तिनेच हळद भरली होती.

"हे पुसले नाही मी," ती म्हणाली. काय म्हणत होती, ते भैय्यालालला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

फोन संध्याकाळी आला. बंदरात एक जहाज वळताना धक्क्यावर आदळलं, क्रेन कलली आणि काठावर रचलेले रिकामे डबे समुद्रात गेले. त्यातल्या एकात आतून झाडायचं काम चालू होतं. बाहेर काढला तेव्हा त्याचं दार बाहेरून लागलेलं होतं. ते कोणी लावलं, हे तिथल्या एकालाही सांगता आलं नाही.

कुलदीप, भैय्यालाल आणि कुंताबाईचा मुलगा, खुशबूच्या लग्नाच्याच वर्षी, मंडईच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीच्या वेळी वारला.